“काही नाही” म्हणायची सवय

“आईवडिलांनी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, मग लहानपणाबद्दल तक्रार कसली?” असं तू म्हणालीस. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणायचे. अगं, लहानपणी घरात आपल्या भावनांकडे दुर्लक्ष झालं असेल, तर आठवायला प्रसंगच नसतो. रडत घरी आलीस आणि कुणी “काय झालं?” विचारलंच नाही, हे लक्षात कसं राहणार? मोठेपणी मात्र ताप अंगावर काढतो, मदत मागायची लाज वाटते.

आपल्याला काय वाटतंय ते ओळखायची सुरुवात शरीरापासून कर. दिवसातून दोनदा थांब: घसा दाटलाय? जबडा आवळलाय? मग वहीत एकच शब्द लिही. “कसंतरी वाटतंय” चालणार नाही. राग, हेवा, एकटेपणा, जे असेल ते नेमकं. सुरुवातीला पानं कोरीच राहतील (माझी महिनाभर राहिली). आईवडिलांकडे जाब मागायची घाई नको. समुपदेशक शोध, पहिल्याशी सूर जुळला नाही तर दुसरा बघ.