पालकांचे प्रश्न : पाचवी ते आठवी, यंदा शाळेत काय काय?

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप एका ओळीचा येतो. ‘शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू’, ‘आधार अपडेट करून आणा’, ‘उद्या गोळ्या देणार आहोत’. नेमके काय करायचे, कोणी आणि कधी, हे मात्र त्यात नसते. या महिन्यातली बरीच पत्रे त्याबद्दलच आहेत. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या शाळांपुरती निवडक उत्तरे देत आहोत.

मोठी मुलगी आठवीत शिष्यवृत्तीला बसली होती. धाकटा यंदा आठवीत गेला. बाई म्हणतात, आता आठवीला ती परीक्षाच नाही. मग त्याची संधी गेली का?
— एक आई, बारामती

बाई बरोबर सांगताहेत. काही वर्षांपूर्वी ही परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली होती. ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणली. मधल्या मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून २०२५-२६ या एका वर्षासाठी चारही इयत्तांची परीक्षा ठेवण्यात आली. तुमचा मुलगा तेव्हा सातवीत होता, म्हणजे त्याची संधी गेल्या वर्षीची सातवीची परीक्षा. तो बसला असेल तर निकालाची चौकशी शाळेत करा. बसला नसेल तर आता ती परत मिळणार नाही. आठवीत त्याच्यासाठी एनएमएमएस ही कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

ज्यांची मुले यंदा सातवीत आहेत त्यांनी हे वाचावे. परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. अर्ज शाळा आपल्या लॉगिनमधून भरते, पालकांना परस्पर भरता येत नाही. त्यामुळे ‘आम्हाला कळलेच नाही’ हा घोळ बहुधा शाळा आणि घर यांच्या मधेच होतो. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गशिक्षकांना एकदा स्पष्ट विचारा, आणि अर्ज भरल्यावर नाव, जन्मतारीख, माध्यम आणि आरक्षण स्वतः वाचून बघा. माध्यम चुकले तर प्रश्नपत्रिकाच वेगळी हातात पडते.

पेपर दोन. पाचवी-आठवीच्या परीक्षेत पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असे. प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्यातच उत्तरपत्रिकेवर उत्तराचा गोळा रंगवायचा. पात्र ठरायला दोन्ही पेपरांत स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत. एका पेपरात १३० आणि दुसऱ्यात ५५ मिळाले, तर बेरीज दणदणीत असूनही मूल अपात्र ठरते. म्हणून आवडत्या विषयावरच सगळा वेळ घालवू देऊ नका.

उत्तरपत्रिकेवर रंगवलेला गोळा बदलता येत नाही. सर्वाधिक नुकसान होते ते मधला एक प्रश्न सोडल्यावर. पुढचे उत्तर सोडलेल्या प्रश्नासमोर जाते आणि तिथून सगळे एक घर सरकते. घरी सराव करताना दर पाच प्रश्नांनी प्रश्नाचा आणि गोळ्याचा क्रमांक जुळवण्याची सवय लावा. सगळे गोळे शेवटच्या दहा मिनिटांत रंगवू, हा बेत तर मुळीच नको. आठवीच्या पेपरात २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळत. सातवीची अधिसूचना आली की हा नियम आणि पेपरची रचना त्यात आधी शोधा. सराव बाजारातल्या जुन्या चौथी-सातवीच्या पुस्तकांवर करू नका, त्यातला अभ्यासक्रम आता शिकवलाच जात नाही.

परीक्षेनंतर उत्तरपत्रिकेची प्रत जपून ठेवा. आधी अंतरिम उत्तरसूची येते, तिच्यावर ठरावीक मुदतीत ऑनलाइन आक्षेप घेता येतो, मग अंतिम सूची. प्रत हरवली की मुलाने काय रंगवले होते, यावर वाद घालायला काही उरत नाही.

आठवीतल्या भाचीला एनएमएमएसला बसवायचे आहे. तिचे वडील रिक्षा चालवतात. कोण पात्र, किती पैसे मिळतात, आणि ते खरेच हातात पडतात का?
— एक मामा, नांदेड

आठवीच्या मुलांसाठी या काळातली सगळ्यात मोलाची परीक्षा हीच, असे आमचे मत आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात.

अटी अशा : शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित असावी. विनाअनुदानित खासगी शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय आणि निवासी सैनिकी शाळेतल्या मुलांना बसता येत नाही. सातवीत किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के) गुण हवेत. आई-वडिलांचे एकत्रित वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांच्या आत असावे. रिक्षाचालकाला पगारपत्रक नसते, म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. दाखल्यांची गर्दी नेमकी अर्जाच्या दिवसांतच होते.

परीक्षा बहुधा डिसेंबरमध्ये असते. बौद्धिक क्षमता चाचणी ९० गुणांची आणि शालेय क्षमता चाचणी ९० गुणांची. शालेय क्षमतेत सामान्य विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. ही वाटणी लक्षात ठेवून वेळ द्या. मुले गणितावर महिने घालवतात आणि इतिहास-भूगोल ‘वाचून होईल’ म्हणून सोडतात, तिथेच निवड हुकते. पात्रतेला ४० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ३२ टक्के) पुरतात, पण निवड गुणानुक्रमाने होते, त्यामुळे ४० टक्के हे लक्ष्य ठेवू नका.

पैसे अडकण्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले, खाते. ते मुलीच्या स्वतःच्या नावाचे हवे आणि आधारशी ‘सीडिंग’ म्हणजे जोडणी झालेले हवे. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झाले असे नव्हे. त्यासाठी बँकेत वेगळा अर्ज द्यावा लागतो. झाले की नाही हे आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसते. आधार नंतर दुसऱ्या खात्याला जोडला तर पैसे त्या नव्या खात्यात जातात, आणि घरचे जुन्या पासबुकात शोधत बसतात.

दुसरे कारण नूतनीकरण. निवड एकदाच होते, पण राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज दर वर्षी करावा लागतो आणि शाळेने तो पडताळावा लागतो. नववीत अर्ज भरला आणि दहावीत विसरला, असे पुष्कळदा होते. तिसरे, मधेच विनाअनुदानित शाळेत प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती थांबते. अकरावीत ती चालू राहायला दहावीत ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५ टक्के) लागतात.

आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही, असेच ऐकत आलो. आता पाचवी-आठवीला नापास करतात हे खरे का?
— एक वडील, कराड

अर्धे खरे. डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानुसार पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेतली जाते आणि प्रत्येक विषयात ३५ टक्के हवेत. पाचवीचा विषय ५० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला १८. आठवीचा ६० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला २१. यात तोंडी-प्रात्यक्षिकाचे १० गुण धरलेले आहेत. त्या दिवशी मूल गैरहजर राहिले तर ते १० जातात, आणि काठावरच्या मुलाला तेच महाग पडतात.

कमी पडल्यास निकालानंतर दोन महिन्यांच्या आत त्याच विषयांची पुनर्परीक्षा होते. दरम्यान शाळेने जादा मार्गदर्शन द्यायचे असते. पुनर्परीक्षेतही कमी पडले तरच मूल त्याच वर्गात राहते. शाळेला त्याला काढून टाकता येत नाही. ‘दाखला घेऊन जा’ असे कोणी सुचवले तर ते लेखी मागा.

निकाल लागला की उन्हाळी गावी जाण्याआधी पुनर्परीक्षेची तारीख विचारून घ्या. मूल गावी आणि परीक्षा शाळेत, असे झाले की पुढचे सगळे विनाकारण अवघड होते.

सहावीच्या प्रगतिपुस्तकात फक्त ‘ब-१’ असे आहे. पहिल्या सत्राच्या पेपरात तर कमी गुण होते. कसे?
— एक पालक, जळगाव

कारण तो फक्त पेपरचा निकाल नाही. सहावीत ५० टक्के वजन आकारिक मूल्यमापनाला म्हणजे वर्षभरातले तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, गृहपाठ यांना आणि ५० टक्के संकलितला म्हणजे सत्राच्या परीक्षेला असते. सातवी-आठवीत ते ४० आणि ६० होते. ब-१ म्हणजे ७१ ते ८० टक्के. श्रेणी चांगली आणि पेपर कच्चा असेल, तर शिक्षकांना आकारिकची नोंदवही दाखवायला सांगा. आठवीची वार्षिक परीक्षा येईल तेव्हा ही फट अचानक समोर येते, सहावीत कळलेली बरी.

शाळा म्हणते, मुलाचा अपार क्रमांक तयार होत नाही, नाव जुळत नाही. नेमके कोणी काय दुरुस्त करायचे?
— एक आई, चिपळूण

अपार हा प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा १२ अंकी ओळख क्रमांक. तो शाळेच्या नोंदीतले आणि आधारवरचे नाव, जन्मतारीख, लिंग जुळले तरच तयार होतो. आधी जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद, तिन्ही शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर तपासा. वडिलांचे नाव मधे आहे की नाही, आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ की दोन, गडबड बहुधा इथेच सापडते.

चूक आधारमध्ये असेल तर आधार केंद्रावर जन्मदाखला दाखवून दुरुस्त होते. चूक शाळेच्या रजिस्टरमध्ये असेल तर मुख्याध्यापकांकडे अर्ज, जन्मदाखला आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. हे काम मूल शाळेत असेपर्यंतच करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर त्याच दुरुस्तीसाठी फार पळावे लागते. आणि कृपा करून, एका कागदाला जुळवण्यासाठी दुसरा बरोबर असलेला कागद चुकीचा करून घेऊ नका. पाया जन्मदाखला.

वयाची पाच वर्षे झाल्यानंतरचे आधारमधले बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे अद्ययावतीकरण कित्येक मुलांचे राहिलेले असते. ७ ते १५ वयोगटासाठी ते १ ऑक्टोबर २०२५ पासून एक वर्ष निःशुल्क केले आहे. तेव्हा सप्टेंबरअखेर उरकून टाका. पंधराव्या वर्षी ते पुन्हा करावे लागते.

शाळेत दर आठवड्याला निळी गोळी देतात. मुलगी म्हणते पोट दुखते, शौचाला काळे होते. बंद करू का?
— एक आई, भंडारा

ती लोहाची गोळी. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची. लहान वर्गांची गुलाबी असते. शौचाला काळे होणे हा लोहाचा नेहमीचा परिणाम आहे, घाबरण्याचे कारण नाही. पोट मात्र बहुधा उपाशीपोटी घेतल्याने दुखते. शाळेतल्या मधल्या जेवणानंतरच घ्यायला सांगा, आणि मागेपुढे तासभर चहा नको. ताप असेल त्या दिवशी टाळा. घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा इतिहास असेल, आणि तुमच्या भागात तो अनेक कुटुंबांत आहे, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको. हे शिक्षकांना तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्या.

जंतनाशक गोळी वेगळी. ती वर्षातून दोनदा, ४०० मिलिग्रॅमची, चावून खायची.

‘इन्स्पायर मानक’साठी शाळा कल्पना मागते आहे. ज्वालामुखीचे मॉडेल चालेल का?
— एक पालक, सातारा

नाही चालणार. ही शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीची केंद्र शासनाची योजना. इथे प्रयोग दाखवायचा नसून नवी कल्पना द्यायची असते. शाळा सहावीपासूनच्या मुलांच्या पाचपर्यंत कल्पना ऑनलाइन पाठवते. निवड झाली तर मॉडेल करायला मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात आणि मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी प्रदर्शने. इंटरनेटवरून उचललेली कल्पना छाननीत गळते. मुलाला आठवडाभर घरात आणि रस्त्यावर फक्त अडचणी टिपायला लावा : हंडा भरताना सांडणारे पाणी, पावसात भिजणारे दप्तर, आजीला न वाचता येणारी औषधाची पट्टी. त्यातली एक घ्या, तिच्यावरचा उपाय चार वाक्यांत आणि एका आकृतीत मांडा. आकृती मुलानेच काढलेली हवी.

सहल एसटीने नेली तर स्वस्त पडते का? संमतिपत्रात काय बघावे?
— एक वडील, धुळे

शैक्षणिक सहलीला एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने घेतल्यावर, ५० टक्के सवलत देते. शाळेने मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारात आगाऊ नोंदणी करायची. डिसेंबर-जानेवारीत गाड्या मिळणे कठीण होते, म्हणून दिवाळीनंतर लगेच.

संमतिपत्रावर निघण्याची आणि परतीची वेळ, मुक्कामाचा पत्ता, सोबतच्या शिक्षकांचे फोन आणि कार्यक्रम असावा. साधारण दहा मुलांमागे एक मोठे माणूस, मुली असतील तर शिक्षिका सोबत. समुद्र, धरण, नदी कार्यक्रमात असेल तर मुले पाण्यात उतरणार का, हे सरळ विचारा. उत्तर ‘पाय भिजवतील फक्त’ असे आले तर सही करू नका. मुलाला दमा, फिट किंवा कसली ॲलर्जी असेल तर औषध आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी शिक्षकांकडे द्या, दप्तरात ठेवू नका.