सातवीतल्या मुलीसोबत पृथ्वीचा इतिहास बघायचाय, कुठली सिरीज बघू?

तुम्ही विचारलंय की मुलगी सातवीत आहे, तिला पृथ्वीचा आणि जीवसृष्टीचा इतिहास दाखवायचाय, नेटफ्लिक्सवरची ‘लाइफ ऑन अवर प्लॅनेट’ लावू का, की तिला जड जाईल. बिनधास्त लावा, जड अजिबात जाणार नाही. फक्त एक विनंती आहे, सुरुवात तिथून करू नका. आधी बीबीसीची 1979 सालची ‘लाइफ ऑन अर्थ’ ही डेव्हिड अ‍ॅटनबरोंची सिरीज मिळवा आणि तिचा निदान पहिला भाग दोघांनी बसून बघा. चित्र जुनं वाटेल, रंग फिके वाटतील, तरी बघा.

कारण सांगतो. मी जिओलॉजीत एमएस्सी केलं आणि गेली 19 वर्षं सातारा-सांगली भागात विहिरी आणि बोअरसाठी पाण्याचे सर्व्हे करतोय, त्यामुळे ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ हा प्रश्न मला रोज कुणीतरी शेतकरी विचारतोच, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. जुन्या सिरीजच्या पहिल्या भागात अ‍ॅटनबरो अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये उतरतात, जसजसं खाली जावं तसतसा दगड जुना होत जातो, तळाशी नदीपाशी पोचेपर्यंत दगड जवळपास 200 कोटी वर्षांपूर्वीचा झालेला असतो आणि तिथे जीवाश्म काही सापडत नाहीत. मग ते कॅनडात लेक सुपीरियरच्या काठावर जातात, तिथल्या चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या दगडाचा कागदासारखा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की त्यात अतिसूक्ष्म जीवांचे धागे दिसतात. एकही डायनासोर नाही, मारामारी नाही, पण पुरावा कसा शोधतात आणि एका ठिकाणी नाही मिळाला तर दुसरीकडे का जातात हे मुलीला दिसतं. ते एकदा डोक्यात बसलं की मग पुढे कितीही भारी ग्राफिक्स बघू दे, ती विचारणारच की हे कशावरून.

आता नवीन सिरीज. 25 ऑक्टोबर 2023 ला आली, आठ भाग आहेत, निवेदन मॉर्गन फ्रीमनचं, आणि नामशेष झालेले प्राणी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीने कॉम्प्युटरवर उभे केलेत, मधेमधे आजचे खरे प्राणीही येतात. पाच महाविनाश, म्हणजे ज्या वेळी पृथ्वीवरच्या बहुतेक जाती एकदम संपल्या ते प्रसंग, हा तिचा कणा आहे आणि तो फार चांगला पकडलाय. पहिला भाग मात्र काळात मागेपुढे उड्या मारतो, त्यात मुलं गोंधळतात, म्हणून मी तर म्हणेन दुसऱ्या भागापासून ओळीने बघा आणि पहिला शेवटी बघा. आणि प्रत्येक प्राणी आला की तिला सांगा की हाडं, दात, सांगाडा हे दगडात मिळालेलं आहे, पण कातडीचा रंग, आवाज, पिल्लाला कसं जवळ घेतलं हे बरंचसं अभ्यासकांनी आणि चित्रकारांनी मिळून केलेला अंदाज आहे. अंदाज असणं वाईट नाही, पण कुठे पुरावा आणि कुठे अंदाज हे तिला ओळखता आलं पाहिजे.

माझी खरी तक्रार काळाबद्दल आहे. अशा बहुतेक सिरीज मोठ्या प्राण्यांच्या मागे लागतात आणि त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की पृथ्वी झाली आणि लगेच मासे, मग डायनासोर, मग आपण. तसं नाहीये. मी शाळेत बोलायला जातो तेव्हा मुलांना बोअरचा हिशोब देतो, तो तुम्हीही वापरा. समजा 454 फुटांचं बोअर मारलं आणि एक फूट म्हणजे एक कोटी वर्षं धरली, तर तळ म्हणजे पृथ्वीचा जन्म, 454 कोटी वर्षं. डायनासोर कुठे संपले? साडेसहा फुटांवर, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याएवढंच खाली. पहिले डायनासोर साधारण 23 फुटांवर. डोळ्यांनी दिसणारे, पाय आणि कवच असलेले प्राणी समुद्रात भराभर वाढले तो कॅम्ब्रियन काळ 54 फुटांवर सुरू होतो. त्याच्या खाली 400 फूट बोअर उरतं आणि त्यात जवळजवळ सगळीकडे फक्त सूक्ष्मजीव! हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो सुमारे 240 फुटांवर आणि तो या सूक्ष्मजीवांनीच तयार केला, आपण आत्ता श्वास घेतोय तो त्यांच्यामुळे. आणि आपली माणसाची जात, तीन लाख वर्षं, म्हणजे वरचा जेमतेम एक सेंटीमीटर, करंगळीच्या नखाएवढा. पोरं हे ऐकून गप्प होतात, मी दरवेळी बघतो.

नव्या सिरीजच्या चौथ्या भागात लिस्ट्रोसॉरस नावाचा बुटका, सुळेवाला प्राणी दिसेल, तिथे पॉज करा. 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी सायबेरियात प्रचंड लाव्हा वाहिला, हवा आणि समुद्र इतके बिघडले की समुद्रातल्या दहापैकी जवळपास नऊ जाती गेल्या, आणि त्यातून जे थोडे तगले त्यातला हा एक. याची हाडं दक्षिण आफ्रिकेत मिळतात, अंटार्क्टिकात मिळतात आणि आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये राणीगंज भागातही मिळतात. हा प्राणी काही समुद्र पोहून गेला नव्हता, हे सगळे भूभाग तेव्हा एकमेकांना चिकटलेले होते. भूगोलातलं खंडवहन, म्हणजे खंडांचं सरकणं, तिथे एका प्राण्यात दिसतं.

आणि पाचवा महाविनाश आला, उल्का पडली, की परत पॉज करा, कारण तिथून गोष्ट आपल्या घरी येते. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला साधारण 10 किलोमीटरची उल्का पडली, हे कळण्याची सुरुवात 1980 मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी केली, इटलीतल्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम नावाचा, जमिनीत दुर्मिळ पण उल्कांमध्ये जास्त असणारा धातू नको तितका सापडला त्यावरून. पण त्याच काळात आपल्या महाराष्ट्राच्या जागी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता, उल्केच्या आधीही आणि नंतरही, थरावर थर, आज त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर व्यापलेत. सह्याद्री म्हणजे तोच. डायनासोर जाण्यात उल्केचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात आणि जगभरातल्या त्या पेपरांमध्ये लाव्ह्याच्या थरांची नावं काय असतात माहितीये? खंडाळा, भीमाशंकर, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर! कॉलेजात पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला जे वाटलं ते तुमच्या मुलीलाही वाटावं असं मला मनापासून वाटतं.

हा काळ मी कामावर हातात धरतो. मागच्या उन्हाळ्यात माण तालुक्यात एका बोअरवर उभा होतो, गाडी चालू होती, काळ्या पाषाणाचा राखेसारखा चुरा वर उडत होता, आणि 180 फुटांच्या आसपास चुरा एकदम तांबडा झाला, विटेच्या भुकटीसारखा. ड्रायव्हर वैतागला कारण हा थर लागला की बोअर ढासळतं, रॉड अडकायची भीती असते. मी मूठभर उचलला. तो लाल थर म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधली सुट्टी, खालचा लाव्हा थंड झाला, ऊनपावसात झिजला, त्याची माती झाली, त्यावर झाडंझुडपं आली असतील आणि मग वरून पुढचा लाव्हा आला आणि सगळं भाजून निघालं. शेतमालकाच्या पोराला मी ते दाखवलं, तो दहावीत होता, त्याने ती माती कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवली.

अजून एक, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरचं दगड झालेलं शेण सापडतं. 2005 मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून ते तपासलं तर त्यात गवताचे अतिसूक्ष्म सिलिकाचे कण निघाले. तोपर्यंत समज असा होता की गवत डायनासोर गेल्यानंतर आलं. जगाची समजूत चंद्रपूरच्या शेणाने बदलली, हे मुलीला नक्की सांगा, सिरीज बघताना पायाखाली गवत दिसतंय का हे ती शोधायला लागेल.

दर रविवारी एकच भाग बघा, सलग बघू नका, शिकारीचे सीन आहेत पण सातवीतल्या मुलीला चालतील. आणि संपली की पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेरीस वगैरे, पोलादपूरहून अंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जा. गाडी मोकळ्या जागी लावा, कड्याला खेटून थांबू नका, दगड येतात. समोरच्या डोंगराला काळ्या पायऱ्या दिसतील, एकेक पायरी म्हणजे एकेक लाव्हा, आणि मधे कुठेतरी तांबडी रेघ असेल. ती तिलाच शोधू द्या, तुम्ही दाखवू नका.