मेराजच्या रात्रीबद्दल, तू विचारलंस म्हणून

बेटा, सलाम.

तुझं लांबलचक पत्र पोचलं. होस्टेलवरच्या मैत्रिणींनी तुला घेरून विचारलं, की मेराज, म्हणजे पैगंबर मुहम्मद यांचा एका रात्रीत मक्केहून जेरुसलेम आणि तिथून सात आसमानं असा प्रवास, हे भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी मानते तरी कशी? तुला तेव्हा उत्तर सुचलं नाही, याची बोच पत्रभर दिसते. पण अगदी शेवटी, जाता जाता, तू असंही लिहिलंयस की हल्ली नमाजीला उभी राहते तेव्हा काहीच वाटत नाही. मला वाटतं, मेराजबद्दल तुझा खरा प्रश्न हा दुसरा आहे. पहिला आधी उरकून टाकू.

प्रवास देहाने झाला की रूहने, म्हणजे आत्म्याने, हा वाद काही तुझ्या मैत्रिणींनी शोधून काढलेला नाही. बहुसंख्य उलेमा, म्हणजे धर्मपंडित, म्हणतात, देहासकट आणि जागेपणी. पण पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशांच्या नावे एक रिवायत, म्हणजे सांगितलेली आठवण, जुन्या चरित्रग्रंथांत आहेच, की शरीर जागेवर होतं आणि रूह नेली गेली. अल्लाहचं दर्शन झालं का, यावर तर सहाबांमध्येच, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या सोबत्यांमध्येच, दोन मतं होती. आयेशा ठामपणे नाही म्हणत, इब्ने अब्बास हो म्हणत. तारखेवरही एकमत नाही. 27 रजबची (इस्लामी कॅलेंडरच्या रजब महिन्यातली) रात्र आपण मानतो ती रूढीने. एवढे मतभेद पोटात घालून ही श्रद्धा चौदाशे वर्षं नांदते आहे, तेव्हा तू मैत्रिणींना प्रकाशाच्या वेगाची गणितं मांडून दाखवू नकोस. त्या रात्रीच्या वाहनाचा, बुराकचा, वेग काढणारे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात, ते वाचून मला संकोच वाटतो. ज्याला आपण चमत्कार म्हणतो त्याला सापेक्षतावादाची पावती कशाला हवी? आणि हो, कॅलेंडरवरचा तो बाईच्या चेहऱ्याचा, मोरपिसाऱ्याचा बुराकही विसर. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या नोंदलेल्या वचनांत, इतकंच आहे: पांढरं जनावर, गाढवाहून मोठं, खेचराहून लहान, नजर पोचेल तिथे पाऊल टाकणारं. चेहरा चित्रकारांनी चिकटवला.

आता खऱ्या प्रश्नाकडे ये. मेराज समजून घ्यायची तर आसमानापासून सुरुवात करू नकोस, ताइफपासून कर.

सन 619 च्या सुमारास पैगंबरसाहेबांचे चुलते अबू तालिब आधी गेले की पत्नी बीबी खदीजा, याबद्दल सांगणाऱ्यांत फरक आहे. पण दोघं पाठोपाठ गेले. एकीने घर सांभाळलं होतं, दुसऱ्याने कबिल्याचं संरक्षण दिलं होतं. अबू तालिब यांनी स्वतः इस्लाम स्वीकारला नव्हता, तरी ते होते तोवर मक्केतल्या कुरैश कबिल्याचा हात आखडलेला होता. ते गेल्यावर पैगंबरसाहेब आधार शोधत डोंगरावरच्या ताइफला गेले, सोबत फक्त मानसपुत्र जैद. तिथल्या सरदारांनी खिल्ली उडवली आणि गावातली टवाळ पोरं मागे लावली. दगडांनी पाय रक्तबंबाळ झाले. शेवटी एका द्राक्षमळ्याच्या भिंतीशी ते टेकले. मळा होता रबीआच्या दोन मुलांचा, म्हणजे मक्केतल्या विरोधकांचाच. त्यांनाही कणव आली. त्यांनी अद्दास नावाच्या आपल्या ख्रिस्ती गुलामाच्या हातून द्राक्षांचा घड पाठवला. पैगंबरसाहेबांनी बिस्मिल्लाह म्हणून हात पुढे केला तेव्हा अद्दास चमकला, इकडची माणसं असं काही म्हणत नाहीत! तू कुठला, असं त्यांनी विचारलं. निनवेचा, तो म्हणाला. म्हणजे यूनुस पैगंबरांच्या गावचा, असं पैगंबरसाहेब म्हणाले, आणि त्या परक्या गुलामाला गहिवरून आलं. ताइफच्या त्या सगळ्या दौऱ्याची कमाई म्हणजे हा एक माणूस आणि एक घड. परतताना तर स्वतःच्या गावात शिरायलाही मुतइम इब्ने अदी या मूर्तिपूजकाचं अभय घ्यावं लागलं.

बहुतेक चरित्रकार मेराज यानंतरची मानतात. म्हणजे सगळे दरवाजे बंद झाल्यावरची. तुझ्यासारखीला हे सांगायला हवं, कारण तुमच्या पिढीला वाटतं की मन आधी स्वच्छ, शांत, प्रसन्न व्हायला हवं, मग वरचं काही उतरेल.

वरच्या प्रवासाचा तपशील तुला मदरशात पाठ करून घेतलेला असेलच. एकेका आसमानात आधीचे पैगंबर भेटतात: पहिल्या आसमानात आदम, दुसऱ्यात यह्या आणि ईसा, तिसऱ्यात यूसुफ, मग इद्रीस, हारून, मूसा, आणि सातव्यात बैतुल मामूरला, म्हणजे आसमानातल्या प्रार्थनाघराला, पाठ टेकून बसलेले इब्राहिम. ते पुन्हा सांगत नाही. आदमचा एक बारकावा मात्र लक्षात ठेव. ते उजवीकडे पाहून हसतात, डावीकडे पाहून रडतात. दोन्हीकडे त्यांचीच लेकरं आहेत. पहिल्याच आसमानात भेटतो तो असा रडणारा बाप.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो परतीचा भाग. सिद्रतुल मुन्तहाच्या, म्हणजे आसमानांच्या शेवटच्या हद्दीवरल्या झाडाच्या, पलीकडून रोजच्या पन्नास नमाजींचा हुकूम घेऊन पैगंबरसाहेब उतरू लागले. वाटेत मूसांनी अडवलं. काय मिळालं? पन्नास. झेपणार नाही तुझ्या लोकांना, मी माझ्या लोकांना, बनी इस्राईलला, पारखून बसलोय, जा, कमी करून आण. ते गेले, कमी झाल्या. पुन्हा मूसा, पुन्हा माघारी. काही रिवायतींत दहा-दहाने कमी झाल्या, काहींत पाच-पाचने. पाचवर आल्यावरही मूसा म्हणालेच, अजून एकदा जा. तेव्हा पैगंबरसाहेब म्हणाले, आता मला लाज वाटते. आणि वरून जाहीर झालं की या पाच आहेत आणि या पन्नासच आहेत, माझा शब्द बदलत नाही.

सूफी म्हणतात, मूसांनी तूर पहाडावर दर्शन मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं, म्हणून दर्शनाहून येणाऱ्या चेहऱ्याला ते पुन्हा पुन्हा माघारी पाठवत राहिले. सुंदर आहे. पण मला त्यातला थकलेला, अनुभवी माणूस जास्त दिसतो. इब्राहिम त्यांच्या वरच्या आसमानात होते, ते काही बोलले नाहीत. बोलले ते मूसा, कारण रोज कुरकुरणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं वाळवंटातून त्यांनी हाकलं होतं.

आता तुझ्या नमाजीकडे बघ. पन्नासाच्या पाच झाल्या त्या कशामुळे? माणसाला झेपत नाही, हे मान्य झाल्यामुळे. तुझा आळस, भरकटणारं मन, सजद्यात कपाळ टेकलेलं असताना आठवणारा प्रॅक्टिकलचा जर्नल, हे सगळं त्या सौद्यात आधीच धरलेलं आहे. काही वाटत नाही म्हणून नमाज फुकट गेली, हे तू कुठून काढलंस? मला वाटतं, ‘नमाज ही मोमिनची (श्रद्धावानाची) मेराज’ या वाक्याने तुझा घोटाळा केलाय. बयानांत, म्हणजे प्रवचनांत, ते हदीस म्हणून सांगतात, पण त्याला पक्की सनद, सांगणाऱ्यांची साखळी, नाही. अर्थ गोड आहे, मी नाकारत नाही. फक्त ते ऐकून मुलं मुसल्यावर, नमाजीच्या चटईवर, उडायची वाट पाहत बसतात.

कुरआनच्या सूरह नज्म या अध्यायात त्या दर्शनाच्या क्षणाचं वर्णन आहे, की नजर ढळली नाही आणि हद्दीपलीकडेही गेली नाही. इतक्या मोठ्या अनुभवाबद्दल कुरआन सांगतो काय, तर नजर जागेवर होती. काय वाटलं, किती आनंद झाला, एक शब्द नाही. तुला नमाजीत नजर सजद्याच्या जागेवर ठेवायला शिकवलं होतं ना? तेवढं कर. ढळली तर परत आण.

मैत्रिणींसाठीही एक जागा दाखवतो. मेराजनंतरच्या सकाळी कुरैश हसले, की शामला, म्हणजे सीरियाकडे, जायला काफिल्याला महिना लागतो, यायला महिना, आणि हे एका रात्रीत! बैतुल मुकद्दसची, म्हणजे जेरुसलेमच्या पवित्र वास्तूची, वर्णनं विचारून त्यांनी भंडावलं. पैगंबरसाहेब सांगतात की मी कधी झालो नव्हतो इतका अस्वस्थ झालो, मग ती वास्तू माझ्या नजरेसमोर आणली गेली आणि मी बघून बघून सांगत गेलो. पैगंबरसाहेबांचे जवळचे सोबती अबू बक्र यांनी वर्णनं मागितलीच नाहीत. त्यांनी म्हटलं असेल तर खरं आहे, असं ते म्हणाले, आणि सिद्दीक, म्हणजे खरं मानणारे, ठरले. पण हा विश्वास तू मैत्रिणींकडून मागू नकोस. अबू बक्र त्या माणसाला अनेक वर्षं ओळखत होते, या मुली तुला जेमतेम ओळखतात.

उलट सूरह बनी इस्राईल काढ. पहिल्या आयतीत तो रात्रीचा प्रवास येतो आणि बरेचजण तिथेच थांबतात. तू पुढे वाच. तेविसाव्या आयतीपासून आई-वडिलांना ‘उफ’ही म्हणू नका, अनाथाच्या मालाला हात लावू नका, माप पुरं भरा, असं चालू होतं. सदतिसाव्या आयतीत तर म्हटलंय, जमिनीवर ताठ्याने चालू नकोस, उंचीत तू डोंगरांना गाठणार नाहीस. त्या रात्रीच्या प्रवासाने उघडलेली सूरह! आणि नव्वदपासून मक्केवाले मागण्या करतात: झरा काढ, सोन्याचं घर दाखव, आसमानात चढून लिखित किताब घेऊन ये. त्यावर पैगंबरसाहेबांना सांगितलं जातं, म्हण, मी तर फक्त एक माणूस आहे, निरोप घेऊन आलेला. जी रात्र नेऊन आणते तिच्याच सूरहमध्ये चढून दाखवायला नकार आहे. पुढच्या वेळी मैत्रिणींनी पुरावा मागितला तर या आयती वाचून दाखव. मग चर्चा कुठे जाते ते मला कळव.

27 रजबच्या रात्री खास नमाज, रोजा वगैरे आहे का, असंही विचारलंयस. ठरवून दिलेलं असं काही पैगंबरसाहेबांकडून सिद्ध नाही. तरी गावी असशील आणि दादी रात्रभर जागत असेल, तर तिच्याशी हुज्जत घालू नकोस. तिच्याजवळ बस, चहा करून दे. पहाटे फजरच्या नमाजीला तिला उठवायची जबाबदारी तुझी.

परीक्षा मार्चमध्ये आहे ना? उन्हाळ्यात आलीस की सूरह नज्म एकत्र वाचू.

अम्मी-अब्बांना सलाम.

तुझे सर