एचपी यंत्राचं आणि वॅट विजेचं, असं असतं का?

प्रश्न असा आलाय की बोअरच्या मोटरवरच्या प्लेटवर ३.७ किलोवॅट छापलंय आणि दुकानदार तिला पाचची, म्हणजे पाच एचपीची मोटर म्हणतोय, मग एचपी (हॉर्सपॉवर, घोड्याची ताकद) यंत्राच्या ताकदीचं माप आणि वॅट विजेचं, असं आहे का?

नाही ओ. दोन्ही एकाच गोष्टीची मापं, कोस आणि किलोमीटरसारखी. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पाचाने गुणा, ३७३० होतात, तेच ते ३.७. पण घोळ का होतो ते समजतं, कारण आपण बोलतोच तसं. आमच्या सोलापुरात विहिरीवर तीनची, पाचची, साडेसातची मोटर, मागाची मोटर पण एचपीतच, म्हणजे जे फिरतं ते एचपीत आणि जे तापतं किंवा उजेड देतं ते वॅटमध्ये. ३ किलोवॅटच्या गिझरला चार एचपीचा गिझर म्हणून बघा, लोक हसतील, हिशोब मात्र बरोबर आहे!

गंमत म्हणजे घोड्याचं माप चालू केलं जेम्स वॅटनेच. त्याला वाफेची इंजिनं खपवायची होती आणि गिऱ्हाइकाकडे होते घोडे, मग घोडा मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलतो असं त्याने धरलं. वॅट हे नाव त्याच्या मरणानंतर, १८८२ साली सीमेन्स नावाच्या इंजिनिअरने सुचवलं.

पुस्तकात अश्वशक्ती आहे, चांगला शब्द आहे, पण मोटर भरून देणाऱ्याकडे जाऊन पाच अश्वशक्ती म्हटलं तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल.

आता खरी अडचण मापात नाही, ताकद कुठे मोजली त्यात आहे. प्लेटवरचे ३.७ किलोवॅट हे शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या दांड्यावर मिळतात, वायरमधून मोटर त्याहून जास्त ओढते, कारण थोडी वीज तापण्यात जाते. शंभरातले ८५ कामाला आले असं धरलं तर पूर्ण लोडवर ४.४ किलोवॅटच्या आसपास लागतात, म्हणजे तासाला जवळजवळ साडेचार युनिट. आणि हे युनिट म्हणजे ताकद नव्हे, किलोवॅट गुणिले तास, तिथे पण लोक गल्लत करतात.

गाडीच्या माहितीत पीएस लिहिलेलं असतं तो जर्मन घोडा, ७३५.५ वॅटचा, आपल्यापेक्षा जरा हडकुळा.