बारीक आहात म्हणून सोडून देऊ नका (फॅटी लिव्हर आणि घराणं)

वजन ५८, दारूचा थेंब नाही, तरी सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर, आई सिरॉसिसने (लिव्हर व्रणांनी कडक होऊन निकामी होणं) गेली, आता जीन टेस्ट करू का, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि बाबांची फाईल डोळ्यासमोर आली.

बाबा माळकरी, दारूला कधी शिवले नाहीत. पण ॲडमिट करताना कुणीतरी न विचारताच 'क्रॉनिक अल्कोहोलिक' लिहिलं आणि तेच डिस्चार्ज कार्डावर उतरलं. विम्याचा क्लेम नामंजूर. तो एक शब्द बदलून घ्यायला रेकॉर्डच्या खिडकीवर मी सात महिने चकरा मारल्या, दर वेळी एकच, सही करणारे डॉक्टर आता इथे नाहीत, अर्ज ठेवून जा. अजून राग जात नाही. पण पैसे गेले त्याहून वाईट हे झालं की आम्ही त्या शब्दाशीच भांडत बसलो, आणि दारू नव्हती तर लिव्हर गेलं कशाने हे एकाही डॉक्टरला विचारलं नाही. चार वर्षांनी धाकट्या भावाचा फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) १४ आला, म्हणजे लिव्हर बरंच कडक झालेलं. तोही बारीकच, आणि लिपिड प्रोफाईल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, एकदम स्वच्छ, म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

नंतर कळलं, टीएम६एसएफ२ नावाच्या जीनमधल्या एका बदलात चरबी लिव्हरमधून रक्तात नीट जातच नाही, म्हणजे रक्ताचा रिपोर्ट छान आणि लिव्हर भरलेलं. जास्त चर्चा असते ती पीएनपीएलए३ या जीनमधल्या बदलाची, त्याचा फॅटी लिव्हरशी संबंध २००८ मध्ये सापडला, त्यात लिव्हरच्या पेशीतली चरबी मोडायचं काम अडतं, आईवडील दोघांकडून आला तर धोका अजून वाढतो. आणि आपल्याकडे बारीक दिसण्यावर जायचंच नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन, दोघेही मधुमेहाचे संशोधक, दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. जास्तवाले आपले.

जीन टेस्ट? मी डॉक्टर नाही, पण माझं मत, आत्ता पैसे घालवू नका. रिझल्ट काहीही आला तरी सध्या करायचं तेच राहतं. त्यापेक्षा वय, रक्तातले एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरचे एन्झाईम) आणि प्लेटलेट यावरून फिब-४, म्हणजे लिव्हरमधल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा, काढा, १.३ च्या वर गेला तर फायब्रोस्कॅन करा, हिपॅटायटिस बी-सी बघून घ्या, आणि घरातला इतिहास डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. जीनमधला हा बदल असलेल्यांनाही वजन, पोट उतरवल्याचा चांगला फायदा होतो, अर्थात ५८ किलोवाल्याने किती उतरवायचं ते डॉक्टरांनाच विचारा. साखर, कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस मात्र आजपासून बंद.

आणि हो, लिव्हरसाठी म्हणून काढे नकोत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट नोंदवलेत.

भावंडं असतील तर त्यांनाही आजच फोन करा. आईची जुनी फाईल आहे ना अजून घरात? तिच्यात कारण म्हणून काय लिहिलंय ते आधी बघा.