ऊन वसंताचं, बर्फ हिवाळ्याचा

प्रिय पोरी,

पत्र मिळालं. सोबतच्या नकाशावर पेन्सिलीनं काढलेली वाटही नीट पाहिली. दहा दिवसांत नवा बर्फ नाही, हिमस्खलनाच्या (डोंगरावरून बर्फ सुटून कोसळण्याच्या) बुलेटिनमध्ये धोक्याची पातळी २, आणि आठवडाभर लख्ख ऊन, इतकं की शिखरावरसुद्धा पारा शून्याच्या वर. मग स्कीइंगला यापेक्षा चांगली संधी कुठली, असा तुझा सवाल आहे. नेमकी ती शेवटची गोष्ट आधीच्या दोन्हींवर पाणी फिरवते.

जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तुम्ही चौघं ऐकणार नाही. पण बेत दोन ठिकाणी कच्चा आहे आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच आहे.

तू लिहिलंयस, 'एप्रिलसारखा बर्फ फेब्रुवारीतच मिळतोय.' गफलत इथेच आहे. ऊन एप्रिलचं असेल, बर्फ फेब्रुवारीचाच आहे. एप्रिलमधला बर्फ कित्येकदा दुपारी वितळून रात्री गोठलेला असतो. त्याचे कण मोठे आणि गोलसर झालेले असतात, थराथरांतले भेद बरेचसे पुसलेले असतात आणि वरून झिरपणाऱ्या पाण्याला खाली जायच्या वाटा पडलेल्या असतात. म्हणून तर पहाटे टणक आणि ऊन चढल्यावर वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ, असा तो 'कॉर्न' मिळतो. हिवाळ्यातला बर्फ कोरडा, थंड आणि थरांवर थर रचलेला असतो. मोसमाच्या सुरुवातीला बर्फ उथळ आणि थंडी कडाक्याची असताना जमिनीलगत जे खडबडीत, एकमेकांना न चिकटणारे कण तयार होतात, ते फेब्रुवारीत अजून तळाशी तसेच पडून असू शकतात. मध्ये एखादा टणक पापुद्रा, त्यावर वाऱ्यानं आणून रचलेल्या बारीक कणांचा घट्ट थर. या सगळ्यानं अजून पाण्याचा थेंब पाहिलेला नाही.

पहिलं पाणी आत शिरलं की काय होतं ते समजून घे, बाकीचं त्यातूनच कळेल. बारीक कणांमधल्या अरुंद फटी पाणी धरून ठेवतात. खालच्या भरड कणांच्या मोठ्या फटींत ते सहजासहजी उतरत नाही. मग दोन थरांच्या सीमेवर ते अडतं, साचतं, आडवं पसरतं. टणक पापुद्र्यावरही तेच. कणांना जोडणारे बर्फाचे इवलाले सांधे त्या पाण्यात वितळतात आणि वरचा अख्खा थर जवळजवळ कशालाच न धरता उतारावर पडून राहतो. तेच पाणी पुढे तळाच्या कणांपर्यंत पोचलं तर हिमस्खलन जमिनीपर्यंतचा सगळा बर्फ घेऊन सुटतं. आणि पाणी खोल जायच्या आधीसुद्धा उष्म्याचं काम सुरू झालेलं असतं. वरचा थर ऊब लागून मऊ पडला की स्कीवरच्या माणसाचा दाब अधिक खोलवर जातो. जो कच्चा थर काल तुझ्या वजनाला दाद देत नव्हता, तो आज देतो.

फेब्रुवारीतलं ऊन ते काय, असंही समजू नकोस. सूर्य आकाशात खाली असला तरी दक्षिणेकडे तोंड केलेल्या ३५-४० अंशांच्या उतारावर त्याची किरणं जवळजवळ काटकोनात पडतात. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो, ओला आणि जुना झाला की पुष्कळ कमी. म्हणजे एकदा ओल धरली की पुढचं वितळणं आणखी झपाट्यानं होतं.

उद्याचं कमाल तापमान किती, हे सगळेच बघतात. मी आधी रात्र बघतो. बर्फ रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत असतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर हवेचं तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असूनही बर्फाचा पृष्ठभाग गोठू शकतो. ढग आले की ती बर्फावर टाकलेली गोधडीच. मग हवा शून्याच्या आसपास असली तरी पहाटेपर्यंत बर्फ ओला तो ओलाच. दमट हवा आणि रात्रभर वाहणारा उबदार वाराही गोठू देत नाहीत. म्हणून स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींत हवेचं तापमान पाहून थांबू नकोस. ढग, आर्द्रता, वारा बघ, आणि केंद्र देत असेल तर बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान सगळ्यात आधी बघ.

मुक्काम दरीत असला की आणखी एक फसगत होते. हिवाळ्यात हवेचा दाब जास्त असताना थंड हवा खाली दरीत साचून राहते आणि वर ऊब असते. तुम्ही पहाटे काकडत बाहेर पडाल, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडाल आणि म्हणाल, चला, रात्री मस्त गोठलंय. हजार मीटर वर काहीच गोठलेलं नसेल.

महिन्यांवर बांधलेली आमच्या पिढीची गणितं आता धड चालत नाहीत, हेही ओघात सांगून टाकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडवर शून्य अंशाची पातळी, म्हणजे हवेचं तापमान जिथे शून्यावर येतं ती उंची, ५,२९८ मीटरवर मोजली गेली, म्हणजे आल्प्समधल्या सर्वोच्च माँ ब्लां शिखराच्या माथ्याच्याही बरीच वर. तो उन्हाळा होता, पण भर हिवाळ्यात उंचावर पाऊस पडणंही आता नवलाचं राहिलेलं नाही. 'या दिवसांत इथे असं कधी होत नाही' असं कुणी जुनं माणूस म्हणालं, मी म्हणालो तरी, तर हो म्हण आणि नोंदी उघडून बघ.

आता प्रत्यक्ष जागेवर काय करायचं ते. उजाडताना पहिल्या उतारापाशी थांब. काठीच्या मुठीनं बर्फावर ठोक. टणक आवाज आला म्हणून लगेच खूश होऊ नकोस, पापुद्रा जाड आहे की पातळ हे त्यावरून कळत नाही. एक स्की काढ आणि पूर्ण वजन त्या बुटावर टाक. बूट वरच राहिला, टाच रोवली तरी जेमतेम ओरखडा उठला, तर रात्रीनं तिचं काम केलंय. पापुद्रा मोडून बूट घोट्याच्या वर गेला आणि आत ओला, रवाळ लगदा लागला, तर तो पापुद्रा ऊन आल्यावर फार वेळ टिकायचा नाही. तो लगदा मुठीत घेऊन दाब. बोटांतून पाणी ठिबकलं तर त्या दिशेच्या उतारांचा विषय त्या दिवसापुरता संपला, मग घड्याळात सकाळचे सात का वाजलेले असेनात.

खड्डा खणून थरांची चाचणी घ्यायची तुला हौस आहे. कोरड्या बर्फात जरूर घे. ओल्या बर्फात तिच्यावर विसंबता येत नाही. तिथे पाणी किती खोल पोचलंय आणि किती वेगानं पोचतंय हा प्रश्न असतो, आणि तू खड्डा बुजवेपर्यंत त्याचं उत्तर बदललेलं असतं.

चालताना नजर खडकांच्या कडांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर ठेव. तिथला बर्फ आधी सैल होतो. आधी एखादा गोळा सुटतो, घरंगळताना बर्फ अंगाभोवती गुंडाळत जातो आणि मागे एक रेघ ओढून थांबतो. मग दुसरा, मग चार एकदम. गोळे आकारानं वाढायला लागले की निघायची वेळ झाली. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज होऊन बर्फ बसला, किंवा स्कीच्या टोकापासून चीर पळत गेली, तर चर्चा करत तिथे उभं राहायचं नाही. तो उतार सोडायचा आणि त्याच दिशेचे, त्याच उंचीवरचे बाकीचे उतारही सोडायचे.

आता बेतातली दुसरी कच्ची जागा. चढाई उत्तरेच्या सावलीतून ठेवलीस, ठीक. सावलीतला बर्फ कोरडा आणि म्हणून कच्चे थर जपून ठेवणारा असतो, तेवढं ध्यानात असू दे. हवाच गरम आणि वर ढग असतील तर सावलीचाही उपयोग नाही. पण परतीला दीडच्या सुमाराला तू जी घळ घेतली आहेस, ती मला मुळीच पसंत नाही. ती स्वतः वीसेक अंशांची, म्हणून तुला सुरक्षित वाटली असणार. तिच्या डोक्यावर काय आहे? पश्चिमेला तोंड केलेला, खडकांनी भरलेला, अर्धा किलोमीटर लांब उतार. दीडला तो तापायला लागलेला असेल. कोरड्या थरांच्या स्खलनात सापडलेल्यांपैकी बहुतेकांनी ते स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेलं असतं, त्यामुळे तीव्र उतारावर पाऊल न टाकणं हा तिथे मोठा बचाव ठरतो. ओलं स्खलन कुणाच्या पावलाची वाट बघत नाही, आपणहून सुटतं. तुम्ही कुठल्या उतारावर आहात यापेक्षा कुठल्या उताराखाली आहात हे अशा दिवशी महत्त्वाचं. घळीत तर थोडासा बर्फसुद्धा मीटर-मीटर खोल साचतो.

त्याच उतारावर, गवताळ किंवा गुळगुळीत कातळाच्या जागी, बर्फाला जमिनीपर्यंत गेलेल्या कमानदार भेगा दिसल्या तर त्यांच्या खाली जेवायलाही बसू नका. अख्खा थर जमिनीवरून सरकत असल्याची ती खूण आहे. तो कधी सुटेल हे तज्ज्ञांनाही सांगता येत नाही, आणि थंड पहाटसुद्धा त्याला वर्ज्य नाही.

बुलेटिनबद्दल थोडक्यात. पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर २ म्हणजे 'चला' नव्हे. स्कीवाले सर्वाधिक मरतात ते ३ वर, ४ किंवा ५ वर नव्हे, कारण ३ ला लोक बाहेर पडतात. उष्ण दिवसांत पुष्कळ ठिकाणी सकाळची आणि दुपारची पातळी वेगवेगळी देतात. तू पाहिलीस ती कुठली? आकड्याखालचा मजकूर वाच. कुठली दिशा, किती उंची आणि कुठल्या प्रकारचा बर्फ हे तिथेच असतं, आणि आकडा पाहून लोक ते पान मिटतात.

गरम दिवसाची एक बारीक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. चढताना घाम येतो, जॅकेट उतरतं. ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं संदेशयंत्र, जॅकेटच्या खिशात असेल तर तोही उतरून सॅकमध्ये जातो. म्हणून तो पट्ट्यानं आतल्या कपड्यावरच बांधायचा आणि दिवस संपेपर्यंत काढायचा नाही. एअरबॅग, म्हणजे स्खलनात माणसाला वर राखणारी सॅकमधली हवेची पिशवी, असेल तर ती फुगवायचा दांडा चढतानाही बाहेर काढलेला हवा. ट्रान्सीव्हर सगळे ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, पण फोन अगदी जवळ असेल तर शोधात गोंधळ होतो. अंगावर २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर अंतर राख, किंवा सरळ फोन बंद कर. स्वित्झर्लंडमधल्या १९८१ ते २०२० या काळातल्या स्खलनांचा अभ्यास सांगतो की १० मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांपैकी ९१ टक्के जगले. त्यानंतरच्या वीस मिनिटांत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास येतं. बाहेरची मदत त्या वेळात पोचत नाही, म्हणजे शोधायचं आणि खणायचं तुम्ही तिघांनीच. ओला बर्फ थांबताक्षणी घट्ट बसतो, फावड्याची कड आपटून तुकडे पाडावे लागतात. प्लास्टिकचं फावडं घरी ठेव.

सोबत्यांचं. हिमस्खलनांचे अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतले १९७२ ते २००३ मधले स्खलनाचे ७१५ अपघात तपासले. त्यांत ओळखीची जागा, ठरलेलं तडीस न्यायचा हट्ट, इतरांच्या नजरेत भरायची इच्छा, जाणत्यावर टाकलेला भार, इतर लोक दिसले म्हणून आलेला धीर आणि अस्पर्श उताराची हाव, अशा सहा गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. तुमच्यात जाणती तू आहेस. तुझ्याकडे बघून बाकीचे तिघं गप्प बसतील, म्हणून चढण्यापूर्वी प्रत्येकाला विचार, आणि सगळ्यात नवख्याला सगळ्यात आधी. उतारावर आधीच्या खुणा दिसल्या तर त्या केव्हाच्या, हे बघ. सकाळी आठला गोठलेल्या पापुद्र्यावरून कुणी उतरलं, तर दुपारी बाराच्या बर्फाबद्दल त्या खुणा काही सांगत नाहीत.

थंडी परतली की हाच बर्फ बहुतेकदा बसतो, घट्ट होतो, आणि तुला हवे तसे दिवस मिळतात. मात्र वर जो गुळगुळीत पापुद्रा उरेल त्याच्यावर पुढचा बर्फ कसा पडतो, ते वहीत टिपून ठेव. पुढच्या महिन्यात ते पान लागेल.

बेत असा बदलून बघ. निघायचं ते आदली रात्र निरभ्र आणि कोरडी गेली तरच. अंधारात चढाईला लागा, उजाडताना बुटाची ती परीक्षा घ्या आणि बूट आत गेला तर तिथूनच मागे. पूर्वेचे उतार आधी तापतात, त्यांच्याखालून सूर्य येण्याआधी पार व्हा. घळ सोडून धारेवरून उतरा, लांब पडलं तरी चालेल, आणि कॉर्निसच्या, म्हणजे वाऱ्यानं धारेबाहेर झुकलेल्या बर्फाच्या छज्जाच्या, कडेपासून बरंच आत राहा. अकराला शिखर दिसत असलं तरी पाठ फिरवायची, हे चौघांनी आजच कबूल करायचं. नकाशा पुन्हा काढ, प्रत्येक टप्प्यावर उताराचा कोन, दिशा आणि डोक्यावर काय आहे ते लिही. चौथ्या मुलाला ट्रान्सीव्हर नवा आहे म्हणालीस, त्याला गाडलेला ट्रान्सीव्हर शोधायचा सराव निघण्याआधी दे, हातमोजे घालून. गुरुवारपर्यंत नकाशा पाठवलास तर त्याच दिवशी बघून कळवतो.

कळावे,
सर