हल्कची ‘ताकात’ आणि सुपरमॅनचं ‘निशाण’

प्रश्न (बडोद्याहून): आम्ही काही मित्र सुपरहीरो कॉमिक्सवर मराठीतून वाद घालतो, पण ‘पॉवर लेव्हल’पाशी गाडी अडते. ‘शक्तिस्तर’ म्हणावं की ‘शक्तिपातळी’? आमच्यातले काहीजण ‘हल्कची ताकात’ असं लिहितात, ते चालेल का? आणि सुपरमॅनच्या छातीवरचा ‘एस’ हे निशाण, चिन्ह की प्रतीक?

उत्तर: आधी ‘ताकात’ निकालात काढू. गुजरातीत तो शब्द तसाच आहे, मराठीत मात्र मूळ अरबी शब्दाची ‘ताकद’ झाली. मराठी वाचकानं ‘हल्कच्या ताकात किती जोर आहे’ असं वाचलं, तर त्याला आलं-मिरची लावलेलं ताकच आठवणार. तेव्हा ताकद, ताकदीचा, ताकदीनं.

पॉवर या एका शब्दाला मराठीत तीन शब्द आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. शक्ती मोजता येतात: उडण्याची एक, अदृश्य होण्याची दुसरी. ताकद तोलता येते. म्हणून स्पायडरमॅनकडे भिंतीला चिकटण्याची शक्ती आहे आणि सुमारे १० टन उचलण्याची ताकद आहे; हे दोन शब्द उलटे टाकून पाहा, वाक्य लगेच लंगडतं. तिसरं बळ. ते येतं, जातं, संचारतं, एकवटतं. हल्कचा राग चढेल तसा त्याचा जोरही चढत जातो, त्यामुळे त्याच्यासाठी ‘बळ’च नेमकं. भीमाच्या अंगी हत्तींचं बळ म्हणतात, हत्तींची ताकद सहसा कोणी म्हणत नाही.

आता लेव्हल. ‘शक्तिस्तर’ व्याकरणानं बिनचूक आहे, पण मराठी कानाला स्तर म्हणजे थर, भूस्तरातला. हिंदी-गुजरातीच्या शेजारामुळे तुम्हाला तो सहज सुचतो, इतकंच. ‘शक्तिपातळी’त पातळी अस्सल मराठी आहे, पण जोडून लिहिली की डोळा ‘शक्तिपात’वर थांबतो आणि गुरूनं शिष्याला दिलेली दीक्षा आठवते. तापमानाच्या चालीवर शब्द घडवायला जावं तर ‘शक्तिमान’ होतो. ती जागा १९९७ पासून दूरदर्शनवरच्या नायकानं अडवलेली आहे. (शक्ती एकटी असताना ‘ती’ दीर्घ, समासात आधी आली की ऱ्हस्व. शक्तिमान, शक्तिस्थान.)

माझं मत असं की एका नामाचा हट्टच सोडावा. चाहते ‘लेव्हल’ म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. एक पायरी, दुसरी तोड.

पायरी म्हणजे छापील कोष्टकातली जागा. हल्क, स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हल या कॉमिक्स-प्रकाशकाच्या अधिकृत माहितीपुस्तिकांत बुद्धी, ताकद, वेग, चिवटपणा, ऊर्जा फेकण्याची क्षमता आणि लढण्याचं कसब यांना १ ते ७ अंक दिलेले असतात. ताकदीत २ म्हणजे स्वतःच्या वजनाइतकं उचलणारा, ३ म्हणजे दुप्पट. ४ ची पायरी मात्र ८०० पौंडांपासून, म्हणजे जेमतेम ३६० किलोंपासून, थेट २५ टनांपर्यंत पसरलेली आहे. ५ ची ७५ टनांपर्यंत, ६ ची १०० टनांपर्यंत आणि ७ म्हणजे त्याच्या पलीकडे सगळे. वाद इथेच फसतात. ‘दोघंही चारचे, म्हणजे बरोबरीचे’ हे म्हणणं चूक, कारण एक मोटारसायकल उचलणारा असेल आणि दुसरा भरलेला ट्रक.

बरोबरी सांगायला मराठीत ‘तोड’ आहे, ‘जोड’ आहे. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात हे शब्द समजावून सांगायला नकोत. पैलवानांची जोड लागते, कोणी कोणाच्या तोडीचा असतो, कोणी वरचढ ठरतो. ‘कॅप्टन अमेरिका ताकदीत स्पायडरमॅनच्या तोडीचा नाही, डावपेचांत मात्र वरचढ आहे’ या वाक्यात पॉवर लेव्हल पूर्ण आली, शब्द न वापरता. ‘शेरास सव्वाशेर’सुद्धा तीच मोजणी. तो शेर वजनाचा, ४० शेरांचा मण होतो तो. गुजरातीतही ‘शेरने माथे सवाशेर’ आहेच, फक्त सिंहाचं चित्र काढू नका.

मुळात सुपरमॅन अवतरला तोही तुलनेच्याच भाषेत. १९३८ च्या पहिल्या अंकात त्याला उडताच येत नव्हतं. तो अष्टमांश मैल उडी मारी, म्हणजे बरोबर एक फर्लांग. वीस मजली इमारत ओलांडी, आगगाडीहून जोरात धावे, आणि फुटणाऱ्या तोफगोळ्याहून कमी कशानंही त्याची कातडी भेदली जात नसे. टनांचा आकडा नाही, नुसतं ‘-हून’. हा प्रत्यय भरपूर वापरा.

निशाण म्हणजे मराठीत झेंडा. गुजरातीतला ‘खूण, नेम’ हा अर्थ मराठीत निशाणी आणि निशाणा यांच्याकडे गेला. म्हणून ‘सुपरमॅनच्या छातीवरचं निशाण’ वाचून झेंडाच फडकतो. तो ‘एस’ सुरुवातीला नावाचं आद्याक्षर होता. १९७८ च्या चित्रपटापासून तो क्रिप्टॉन या त्याच्या जन्मग्रहावरच्या एल घराण्याचं चिन्ह म्हणून रुजला. पुढच्या कथांत आशेचं प्रतीक. जे दिसतं ते चिन्ह, ते पाहून मनात जे उभं राहतं त्यामुळे ते प्रतीक. बॅटमॅनचं वटवाघूळ घ्या: छातीवर चिन्ह, ढगांवर पाडलं की खूण (पोलीस आयुक्त गॉर्डनचं बोलावणं), गुन्हेगाराच्या मनात भीतीचं प्रतीक. १९६४ मध्ये त्याभोवती पिवळा लंबगोल आला, आणि १९८६ च्या एका गाजलेल्या कथेत बॅटमॅन सांगतो की तो मुद्दाम आहे, गोळ्या डोक्यावर न येता चिलखतावर याव्यात म्हणून. तिथे तुमचं गुजराती निशाण अगदी नेमकं बसेल!

‘प्रतिक’ नको, प्रतीक, म्हणून प्रतीकात्मक. आणि सिम्बॉलिझमसाठी नुसतं ‘प्रतीकं’ किंवा ‘प्रतीकयोजना’ पुरे. ‘बॅटमॅनमधला प्रतीकवाद’ लिहिलंत तर तो बिचारा एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कवींच्या पंगतीला जाऊन बसेल.